द्राक्षमळ्यातील मजुरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी माथाडी कायद्यावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. ती साहजिकच आहे. कळमन्याच्या बाजारात माझे आयुष्य गेले. पोती वाहिली, टोळीचा हिशेब लिहिला, पुढे युनियनचे काम केले. मी त्यांना म्हटले, कायद्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही तर वकील आहेत. मला मत्तयाच्या शुभवर्तमानातील एका दृष्टांतावर बोलू द्या. चालक क्षणभर गप्प राहिले. मग एकाने हळूच विचारले, "तुम्ही ख्रिस्ती झालात काय?"

हा प्रश्न आपल्यापैकीही काहींच्या मनात असेल, म्हणून तो प्रथमच निकालात काढतो. मी ख्रिस्ती नाही. माझी आई पंढरीची माळ घातलेली होती. वडील इतवारीत धान्याची हमाली करीत, आणि गुरुवारी ताजबागेत जाऊन येत. मी स्वतः लाल बावट्याखाली वाढलो, आणि सतरा-अठरा वर्षे घरात देवाचे नाव निघाले की उठून अंगणात जाऊन बसत असे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला ग्रीक येत नाही, इब्री येत नाही. इंग्रजी येते ते नोटिसा वाचण्यापुरते. तेव्हा आज मी जे सांगणार ते विद्वानाचे विवेचन नव्हे. एका हमालाने एक पुस्तक वाचले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढीच ही हकीकत आहे.

आपल्याकडे या पुस्तकाच्या वाचनाला मोठी परंपरा आहे, आणि तिच्यातली एक वाट आमच्या बाजाराला अगदी लागून जाते. कळमन्यावरून कामठीकडे जी आगगाडी जाते ती पुढे गोंदिया, डोंगरगड करीत राजनांदगावला पोहोचते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे नोकरीच्या शोधात निघालेले एक मराठी कवी गाडीच्या डब्यात बसले होते. समोर एक युरोपियन गृहस्थ. बोलणे संस्कृत काव्यावरून धर्मावर गेले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. वर असेही सांगितले की दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांना ती भविष्यवाणी हास्यास्पदच वाटली. परंतु दिलेला शब्द पाळावा म्हणून ते वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आले तेव्हा पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते पुढे सांगत.

या वाचनाची किंमत मात्र एकट्या टिळकांनी दिली नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ती सारी वर्षे लिहून ठेवली आहेत. नवरा पुस्तक वाचतो आणि बायकोचे घर मोडते, हेही त्यात आहे. आणि त्याच लक्ष्मीबाई काही वर्षांनी आपल्या पायांनी त्याच वाटेवर आल्या, हेही आहे. मी ते पुस्तक दोनदा वाचले. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा मात्र तेवढे हसू आले नाही.

मराठीत हे शुभवर्तमान फार पूर्वी आले. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. मराठी छपाईच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. पण माझ्यासारख्याला जवळचे वाटते ते पंडिता रमाबाईंचे काम. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या या बाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, का तर साध्या बायकांना समजेल असे बायबल मराठीत व्हावे म्हणून. केडगावला त्यांच्या आश्रमातील स्त्रियांनीच खिळे जुळवले आणि छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. ज्या बाईला संस्कृत मुखोद्गत, तिने सोप्या मराठीसाठी एवढे कष्ट घ्यावेत, याचे मला फार वाटते. असो.

माझ्या हाती पुस्तक आले ते रद्दीत. २००५ साल असेल. मी वाचायला शिकलो तोच मुळी पुडीच्या कागदांवर, त्यामुळे रद्दीची गाडी दिसली की थांबायची सवय आहे. नवा करार होता, पुठ्ठा गेलेला, मधली काही पाने वाळवीने खाल्लेली. पाच रुपये दिले. उघडले तर पहिल्याच पानावर बापाचे नाव, मुलाचे नाव, त्याच्या मुलाचे नाव! चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या. मला वाटले, हा तर हजेरीपट आहे. मिटून ठेवणार होतो. इतक्यात लक्षात आले की या हजेरीपटात काही बायकांचीही नावे आहेत, आणि त्यांत एक वेश्या आहे, एक परमुलखातली विधवा आहे. मोठ्यांच्या वंशावळीत अशी नावे कोणी मुद्दाम ठेवीत नाही. ठेवली असतील तर लिहिणाऱ्याच्या मनात काही असले पाहिजे. शिवाय ज्या मत्तयाच्या नावावर हे पुस्तक आहे तो जकातनाक्यावर बसणारा मनुष्य. बाजाराच्या फाटकावर बसून पावती फाडणारा माणूस कसा असतो हे मला ठाऊक आहे. म्हटले, वाचू या.

अठ्ठावीस अध्याय आहेत. मी एका आठवड्याला एक अशा गतीने वाचले, आणि विसाव्या अध्यायाशी येऊन अडलो. तेथे द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत आहे. चार शुभवर्तमानांपैकी तो मत्तयातच आहे, इतरत्र नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी माझ्या शब्दांत सांगतो.

एक मळेवाला भल्या पहाटे बाजारात जातो आणि मजूर ठरवतो. दिवसाची मजुरी एक दिनार. त्या काळी मजुराच्या एका दिवसाचा तोच रास्त दर होता. नऊ वाजता तो पुन्हा जातो, आणखी माणसे उभी दिसतात, त्यांना सांगतो की मळ्यात चला, वाजवी असेल ते देईन. बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता, म्हणजे दिवस मावळायला एकच तास उरला असता, तो पुन्हा जातो. अजूनही माणसे उभी आहेत. दिवसभर रिकामे का उभे, असे तो विचारतो. ते सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही. त्यांनाही तो पाठवतो. संध्याकाळी कारभाऱ्याला सांगतो की मजुरी वाट, आणि शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. एक तास राबलेल्यांना एक दिनार मिळतो. पहाटेच्यांना वाटते, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच मिळतो. ते कुरकुरतात: आम्ही दिवसभराचे ओझे वाहिले, ऊन सोसले, आणि तुम्ही यांना आमच्या बरोबरीचे केले! मालक त्यांतल्या एकाला सांगतो की तुझ्यावर मी अन्याय केला नाही, ठरले ते दिले. माझे आहे ते मी हवे तसे देऊ नये काय?

हे वाचून मला संताप आला. माझे सारे शिक्षण 'समान काम, समान दाम' या चार शब्दांत सामावलेले. आणि ते शेवटचे वाक्य! 'माझ्या पैशाचे मी काय करायचे ते मी ठरवीन' हे मी वाटाघाटीच्या प्रत्येक टेबलावर ऐकलेले आहे. खुर्ची बदलते, वाक्य बदलत नाही. देवाच्या राज्याचा मालकही तेच बोलतो म्हटल्यावर मी पुस्तक फळीवर ठेवले, आणि सुमारे दोन महिने त्याला हात लावला नाही.

परंतु गोष्ट डोक्यातून जाईना, कारण ती ठिय्याची गोष्ट होती. आपण सकाळी कामाला निघता तेव्हा चौकाचौकांत आपल्याला ठिय्ये दिसतात. सात वाजता शंभर माणसे असतात. तगडी माणसे आधी उचलली जातात. नऊला गर्दी विरळ होते. दहानंतर जो उभा दिसेल तो कोण असतो? म्हातारा असतो. लंगडत असतो. गावाकडून कालच आलेला असतो, त्याला कोणी मुकादम ओळखत नाही. एखादा रात्री प्यालेलाही असतो, खोटे कशाला सांगू? आणि त्याला घरीही जाता येत नाही. काम करून दमलेला माणूस घरी जाऊ शकतो. काम न मिळालेला अंधार पडण्याची वाट पाहतो. पाच वाजेपर्यंत बाजारात उभी असलेली ती माणसे आळशी नव्हती हे मला कोणी सांगावे लागले नाही. आळशी माणूस कधीच निघून गेला असता.

मग मी मालकाकडे पाहू लागलो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अडतबाजारात वावरलेल्यालाच चटकन दिसेल. या मालकाजवळ कारभारी आहे. मजुरी वाटताना तो पुढे येतो. मग माणसे आणायला मालक स्वतः का जातो? आणि पाच वेळा! माझ्या तीस-पस्तीस वर्षांत एकही धनी ठिय्यावर दिवसातून पाच खेपा घालताना मी पाहिला नाही. एका खेपेलाही मुकादम जातो. आणि पाच वाजता माणूस लावण्यात धंद्याचा हिशेब कोणता? मळ्यापर्यंत चालत जाईतो अर्धा तास गेला. या मालकाला काम कमी पडलेले नव्हते. त्याला उभी असलेली माणसे बघवत नव्हती, म्हणून तो पुनःपुन्हा जात होता.

आणखी एक. लेखी म्हणा, तोंडी म्हणा, करार फक्त पहाटेच्यांशी झाला. नऊच्यांना वाजवी देईन एवढाच शब्द मिळाला. पाचच्यांशी, माझ्या प्रतीत तरी, मजुरीचे बोलणेच नाही. आता पाहा, ज्यांचा करार पक्का, ते संध्याकाळी नाराज. ज्यांचा करार मुळीच नाही, ते आनंदात. युनियनच्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. आम्ही लेखी कराराखेरीज पाऊल टाकू नका असे सांगत फिरतो, आणि तेच बरोबर आहे. मळेवाले सारेच असे नसतात. पण श्रद्धा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो, आणि तो मला प्रथम कळला तो येथे. दिवस मावळायला तासभर उरला असताना, भाव न ठरवता, एक माणूस सांगतो म्हणून त्याच्या मागून चालू लागणे.

या दृष्टांतावर जुन्या आचार्यांनी पुष्कळ लिहिले आहे. कोणी पाच वेळा म्हणजे मनुष्याच्या वयाचे पाच टप्पे मानले, कोणी जगाची युगे मानली. पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्यांत ईस्टरच्या रात्री एक प्राचीन प्रवचन वाचले जाते, त्यातही अकराव्या तासाला आलेल्याने भिऊ नये असा धीर दिलेला आहे. ते सारे आदरणीय आहे. पण मला ओढून नेले ते एका इंग्रज ग्रंथकाराने. जॉन रस्किन याने १८६० साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले आणि पुस्तकाला नाव दिले 'अन टू धिस लास्ट', या शेवटच्यालाही. ते नाव याच दृष्टांतातून उचललेले आहे. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींच्या हाती ते पुस्तक स्टेशनावर पोलाक नावाच्या मित्राने दिले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. (आगगाडीत निघालेल्या माणसाच्या हातात पुस्तक देणाऱ्यांनी आपल्या देशाचे बरेच काही बदलले आहे, असे दिसते.) त्यानंतर फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि तेथे छापखान्यात राबणाऱ्या प्रत्येकाला, रंग आणि देश न पाहता, महिन्याला सारखेच तीन पौंड असे ठरले. १९०८ साली गांधीजींनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत केला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. हा शब्द पुढे वर्ध्याला येऊन राहिला, सेवाग्रामला, पवनारला. आपल्या येथून दोन तासांच्या वाटेवर. आपण तो भाषणांत ऐकून ऐकून गुळगुळीत केला. त्याच्या मुळाशी पाच वाजता बाजारात उभा असलेला मजूर आहे, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले.

येथवर सारे पुस्तकातले झाले. आता माझ्या वहीतले सांगतो, आणि ते सांगताना मला बरे वाटत नाही.

१९९८ साली आमच्या टोळीत चौदा माणसे होती. कायदा १९६९ चा. परंतु कायद्याची नोंदणी प्रत्येक सुट्या टोळीपर्यंत पोहोचतेच असे नाही. आमची मजुरी संध्याकाळी हातात येई आणि सारखी वाटली जाई. हिशेब मी लिहीत असे, कारण लिहिता येणारा मीच. टोळीत तुमसरकडचे एक वृद्ध गृहस्थ होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. वय साठीचे. गुडघे गेलेले. पोते तेव्हा क्विंटलाचे असे. मामा ते पाठीवर घेत, पण ट्रकच्या फळीवर चढताना थांबत, आणि ते थांबले की मागची रांग थांबे. तरुण मुले कुरकुरू लागली. मे महिना होता. नागपूरचा मे आपल्याला माहीत आहे. मिरचीच्या आवारात तोंडाला दुपट्टा बांधून काम करावे लागते, श्वासाला आग लागते. मुलांचे म्हणणे चूक नव्हते. त्यांनी निवाडा माझ्यावर सोपवला. मी तत्त्वाचा माणूस. मी सांगितले, जितके काम तितका दाम. मामांना अर्धी वाटणी. आणि वहीत तसा नियम लिहून खाली तारीख घातली.

मामा काही बोलले नाहीत. पैसे मोजले, दुपट्ट्याच्या टोकाला बांधले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असे आठ महिने आले. एके दिवशी आले नाहीत; पुढे कोणीतरी सांगितले की गावी गेले. मी चौकशी केली नाही.

दृष्टांत वाचल्यावर मी ती वही शोधून काढली. एक साधारण दिवस घेतो. टोळीची कमाई चौदाशे रुपये. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी शंभर. मामांना अर्धे धरले की साडेतेरा वाटे होतात. मग आम्हा तेरांना प्रत्येकी एकशेतीन रुपये सत्तर पैसे, आणि मामांना एक्कावन्न रुपये पंच्याऐंशी पैसे. म्हणजे मामांचे अठ्ठेचाळीस रुपये गेले, आणि आमच्या प्रत्येकाच्या पदरात पावणेचारही नाहीत इतके पडले. एक चहा आणि वर थोडा खर्रा. हिशेब बिनचूक होता. माझे हिशेब बिनचूकच असतात. वहीत रोज माझ्या अक्षरात 'मामा, अर्धे' असे लिहिलेले होते. आठ महिने. मी तुमसरला जायचे ठरवले तोवर मामांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

तेव्हा मला त्या मालकाच्या वागण्याचे मर्म कळले असे वाटले, आणि मी दुसरी चूक केली. २००९ साली मी टोळीपुढे ठराव आणला की वय झालेल्याला आणि जायबंदी झालेल्याला पूर्ण वाटणी द्यावी. दृष्टांतही सांगितला. टोळीत एक पंचवीस वर्षांचा मुलगा होता, हुशार. तो उठून म्हणाला, "भाऊ, तुमच्या गोष्टीतल्या मालकानं आपल्या थैलीतून देल्ले. तुम्ही त आमच्या पाठीवरून देऊन राह्यले."

मी निरुत्तर झालो. आजही माझ्याजवळ त्याचे पुरते उत्तर नाही. पुष्कळ प्रवचनकारांकडून मी हा दृष्टांत ऐकला आहे, पण त्या मुलाइतके नेमके वाचन कोणाचे ऐकले नाही. औदार्य स्वतःच्या थैलीतले असते. दुसऱ्याच्या घामाच्या जोरावर उदार होणारे पुढारी आपण सर्वांनी पाहिले आहेत, आणि मी त्यांच्याच रांगेत उभा होतो. ठराव पडला. मग माझ्याच वाटणीतून मी देऊ लागलो, असे सांगितले तर आपण टाळ्या वाजवाल. तसे झाले. दोन महिने झाले. मग मुलीची फी भरण्याची वेळ आली आणि बंद पडले.

त्यानंतर मी अध्याय पुन्हा वाचला, आणि या वेळी आधीचे पानही वाचले. वाचण्याची ही साधी रीत आहे, पण मला उशिरा कळली. अध्यायांचे आकडे मूळ पुस्तकात नव्हते. ते तेराव्या शतकात पडले. त्यामुळे एकोणिसावा अध्याय संपला की आपण श्वास घेतो, आणि विसावा नवी गोष्ट म्हणून वाचतो. वस्तुतः ती आधीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न पेत्राचा आहे. एक श्रीमंत तरुण संपत्ती सोडवत नाही म्हणून निघून गेला आहे, आणि पेत्र येशूला विचारतो की आम्ही तर सर्व सोडून तुमच्या मागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? त्याला आधी मोठे आश्वासन मिळते, आणि मग ही गोष्ट ऐकवली जाते. म्हणजे पहाटेचा मजूर कोण? पेत्र. सर्वांत जुना कार्यकर्ता.

बंधूंनो, हे वाचले तेव्हा मी घरी बसून होतो. २०१२ साली युनियनमध्ये एका पदावर दोन वर्षांपूर्वी आलेल्या गृहस्थाची निवड झाली होती. मी वीस वर्षे मोर्चे काढले, दोनदा तुरुंगात गेलो. ते आले आणि बसले. मी रागाने तीन महिने कार्यालयाची पायरी चढलो नाही. दिवसभराचे ओझे आणि ऊन आम्ही सोसले आणि यांना आमच्या बरोबरीचे केले! हे वाक्य पुस्तकात वाचताना मला संताप आला होता तो मजुरांच्या बाजूने, असे मी समजत होतो. तो माझ्या स्वतःच्या बाजूने होता. मूळ ग्रीकमध्ये मालक शेवटी विचारतो ते डोळ्याविषयी आहे, असे मला एका वृद्ध पाळकांनी सांगितले. त्यासाठी ग्रीक शिकण्याची गरज नाही. दुसऱ्याचे चांगले आपल्या डोळ्यांत खुपते, हे मराठीत आपण रोज म्हणतो.

त्याच पाळकांनी आणखी एक दाखवले. कुरकुरणाऱ्याला मालक 'मित्रा' म्हणतो. हाच शब्द मत्तयाने तीनच ठिकाणी संबोधनासाठी वापरला आहे: येथे, लग्नाच्या मेजवानीत योग्य वस्त्र न घालता आलेल्या माणसाला, आणि शेवटी बागेत, पकडून द्यायला आलेल्या यहूदाला. तिन्ही वेळा समोरचा चुकलेला आहे. मी पाळकांना विचारले, हा प्रेमाचा शब्द की रागाचा? ते म्हणाले, मला वाटते दुःखाचा. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. त्या नव्या गृहस्थांनी मला पाहून खुर्ची पुढे केली. त्यांना काही ठाऊक नव्हते.

मी देवाला मानतो की नाही, असे अजून मला विचारतात. पूर्वी मी ठाम नाही म्हणत असे. आज एवढे सांगू शकतो की माझ्या मनात एक खातेवही होती, तिच्या एका बाजूला माझे कष्ट आणि दुसऱ्या बाजूला देणेकऱ्यांची नावे. त्या नावांत संघटना होती, समाज होता, आणि न मानलेला देवही होता. ज्याला मानत नाही त्याच्याकडून येणे बाकी कसे असते, हे मला विचारू नका. ती वही पुरती बंद झाली असे मी म्हणणार नाही.

शेवटची गोष्ट सांगतो. २०२१ साली माझा मणका सरकला. सात महिने पडून होतो. डॉक्टरांनी ओझ्याला बंदी घातली. संत्र्यांचा बहार सुरू झाला तेव्हा मी पुन्हा बाजारात आलो, कारण घरी बसून चालण्यासारखे नव्हते. टोळीने मला थप्पी मोजायला आणि पोत्यांची तोंडे शिवायला बसवले. पोरांनी दिवसभर वाहिले, मी सावलीत सुई-सुतळी घेऊन बसलो. हिशेब आता तोच मुलगा लिहितो, जो २००९ साली उठून बोलला होता. तो चाळिशीकडे झुकला आहे. संध्याकाळी त्याने माझ्या हातात पैसे ठेवले. पूर्ण वाटणी होती. मी म्हटले, अर्धे लिही, नियम माझाच आहे, माझ्या अक्षरात आहे. तो म्हणाला, साऱ्यांनी मिळून ठरवले, तुम्हाला विचारले नाही.

बारा माणसे उभी होती. त्यांच्या खांद्यांवर पोत्यांचे वळ होते, माझ्या सदऱ्यावर घामही नव्हता. देताना मी इतका कधी अवघडलो नव्हतो. हात पुढे करून ते पैसे घेणे मला फार जड गेले. काय करावे ते कळेना म्हणून मी सवयीने मोजू लागलो.

तो म्हणाला, "मोजू नका भाऊ. बरोबर हायत."

अध्यक्षमहोदयांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलेले आहे. श्रोत्यांचे काही प्रश्न असतील तर मी येथेच बसलो आहे.